पाठीवरचे गोंदण आणि निगेचा प्रश्न : काफ्का, तानिझाकी व ओ'कॉनर यांच्या तीन कथांच्या संदर्भात

सारांश

गोंदणाचा विचार करताना साहित्यसमीक्षेचे लक्ष बहुधा सुईवर आणि उमटलेल्या चिन्हावर राहते. सुई थांबल्यानंतर ओल्या जखमेची जी निगा राखावी लागते, तिच्याकडे फारसे पाहिले जात नाही. प्रस्तुत लेखात फ्रान्झ काफ्का, जुनइचिरो तानिझाकी आणि फ्लॅनरी ओ'कॉनर यांच्या प्रत्येकी एका कथेचे वाचन या दुर्लक्षित अंगाने केले आहे. तिन्ही कथांत गोंदण पाठीवर आहे. पाठ हा माणसाला स्वतः न दिसणारा आणि स्वतःच्या हाताला सहज न पोहोचणारा भाग असल्यामुळे तिची निगा दुसऱ्याच्या हाती असते. तो दुसरा कोण आणि त्याची निगा कोणासाठी, या प्रश्नाने या कथांतील सत्तासंबंध उलगडतात, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : गोंदण, निगा, पाठ, जखम, देहसंहिता, संमती.

१. प्रास्ताविक

गोंदण ही मराठी समाजाला नवी गोष्ट नाही. कपाळावरचे, हनुवटीवरचे, मनगटावरचे हिरवे ठिपके आजी-पणजीच्या पिढीने आयुष्यभर मिरवले. सोन्या-चांदीचे दागिने मागे राहतात, गोंदण तेवढे बरोबर येते, ही समजूतही त्याच पिढीची. शांता शेळके यांनी १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या काव्यसंग्रहाला 'गोंदण' हे नाव दिले, तेव्हा मराठी वाचकाला त्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज पडली नाही. जे पुसले जात नाही ते गोंदण, हा संकेत भाषेत आधीच रुजलेला होता.

मधल्या काळात ग्रामीण व अप्रगत ठरवून शिक्षित वर्गाने गोंदण बाजूला सारले. आज तेच 'टॅटू' या नावाने शहरी तरुणाईच्या अंगावर परत आले असून महाविद्यालयाच्या वर्गात ते कोणत्याही बाकावर दिसू शकते. टॅटू काढून घरी निघालेल्या तरुणाला काही सूचना मिळतात. गोंदलेला भाग कोमट पाण्याने व सौम्य साबणाने धुवावा, न चोळता टिपून घ्यावा, मलमाचा पातळ थर लावावा, ऊन व पोहणे टाळावे आणि खपली धरली तर ती ओढून काढू नये. वरची त्वचा भरून येण्यास साधारणपणे दोन ते चार आठवडे लागतात. आतल्या थरास त्याहून अधिक काळ लागतो. या काळात हयगय झाली तर रेषा फिसकटते, रंग जागोजागी उडतो, क्वचित जखम चिघळते. म्हणजे गोंदण अर्धे सुईने आणि अर्धे निगेने पुरे होते. हे दुसरे अर्ध साहित्यात कसे येते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

२. व्याप्ती व मर्यादा

अभ्यासासाठी तीन कथा निवडल्या आहेत. काफ्काने 'इन डर स्ट्राफकोलोनी' अर्थात 'दंडवसाहतीत' ही कथा १९१४ मध्ये लिहिली आणि ती १९१९ मध्ये प्रसिद्ध झाली. तानिझाकी यांची 'शिसेई' १९१० मधील आहे. ओ'कॉनर यांची 'पार्कर्स बॅक' लेखिकेच्या निधनानंतर १९६५ मध्ये प्रकाशित झाली. पहिल्या दोन कथांचा विचार मुख्यतः इंग्रजी अनुवादांच्या आधारे केला आहे. त्यामुळे शैलीविषयक विधाने शक्यतो टाळून घटना, वस्तू व कृती यांवर भर दिला आहे.

३. त्वचा आणि संहिता

देह ही एक संहिता आहे आणि गोंदण हे तिच्यावरील लेखन आहे, ही मांडणी समीक्षेत आता रूढ झाली आहे. ती उपयुक्त आहे यात शंका नाही. गुन्हेगार म्हणून, गुलाम म्हणून, कुळातील सून म्हणून देहावर चिन्हे उमटवण्याचा इतिहास या मांडणीमुळे वाचता येतो. आपल्याकडे कंपनी सरकारच्या काळात बंगाल व मद्रास इलाख्यांत जन्मठेपेच्या कैद्याच्या कपाळावर त्याचा गुन्हा गोंदला जाई. या शिक्षेला 'गोदना' असेच नाव होते आणि ती १८४९ मध्ये रद्द झाली. अशा प्रथेला लेखन म्हटले तर ते यथार्थच ठरते.

परंतु या रूपकाची एक मर्यादा लक्षात घ्यावी लागते. कागद अक्षराला प्रतिकार करत नाही, त्वचा करते. ती रक्त सोडते, सुजते, खपली धरते आणि भरून येते. वरचा थर तर काही आठवड्यांत पूर्णपणे बदलतो. चिन्ह टिकते ते त्याखालच्या थरात. मार्सेय येथील संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखवून दिले, की त्या थरातील भक्षकपेशी रंगाचे कण गिळून ठेवतात. पेशी मरते तेव्हा कण मोकळे होतात आणि नव्या पेशी ते पुन्हा उचलतात. चिन्हाचा कायमपणा असा हस्तांतरातून टिकतो. बाहेरून स्थिर दिसणारे गोंदण देह आतून सतत सांभाळत असतो. या अर्थाने देह हा लेखनाचा निष्क्रिय पृष्ठभाग न राहता त्याचा राखणदार ठरतो.

गोंदणे ही कला की जखम, हा प्रश्न न्यायालयांपुढेही आलेला आहे. गोंदणे हे वैद्यकीय कृत्य नसून त्यासाठी डॉक्टरकीचा परवाना आवश्यक नाही, असा निर्णय जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिला. परवान्यापुरता हा प्रश्न त्या देशात सुटला. ओली जखम कोणी सांभाळायची, हा प्रश्न मात्र प्रत्येक गोंदणाबरोबर नव्याने उभा राहतो. पुढील तीन कथा त्याची तीन उत्तरे देतात.

४. 'दंडवसाहतीत' : अक्षरासाठी धुतलेली जखम

काफ्काच्या कथेतील यंत्राचे तीन भाग आहेत. खाली शय्या, वर आराखडा धारण करणारी पेटी आणि मध्ये सुयांचा दंताळा. कैद्याला शय्येवर पालथे बांधले जाते आणि त्याने मोडलेली आज्ञा सुया त्याच्या देहावर लिहितात. त्याला शिक्षा आधी सांगितली जात नाही. ती त्याला आपल्या जखमांतूनच वाचायची असते. येथे रंग भरण्याचे प्रयोजन नाही, त्यामुळे काटेकोर अर्थाने याला गोंदण म्हणावे का, असा आक्षेप घेता येईल. तथापि सुईने त्वचेत अक्षर उतरवण्याची कल्पना तीच आहे. न्यूयॉर्कमध्ये विजेवर चालणाऱ्या गोंदणयंत्राचे पेटंट १८९१ मध्येच घेतले गेले होते, म्हणजे ही कथा यंत्राने गोंदण्याच्या युगातच लिहिली गेली, हेही ध्यानात ठेवावे.

या कथेवर विपुल लिहिले गेले आहे. पण तिच्यातील पाणी, कापूस आणि पेज या तीन वस्तूंकडे मात्र कमी लक्ष गेले आहे. दंताळ्यात प्रत्येक लांब सुईशेजारी एक आखूड सुई असते. लांब सुई लिहिते आणि आखूड सुई पाणी सोडून रक्त धुते, जेणेकरून अक्षर स्पष्ट राहावे. शय्येवर खास प्रक्रिया केलेला कापूस आहे. पाठीवर पहिले लेखन झाले की देह कुशीवर वळवला जातो, जखमा कापसावर टेकतात, रक्त थांबते आणि त्वचा अधिक खोल लेखनासाठी तयार होते. पुढच्या वळणावर दंताळ्याचे दाते तो कापूस जखमेवरून ओढून काढतात. कैद्याच्या डोक्याशी विजेवर गरम राहणाऱ्या पात्रात भाताची पेज ठेवलेली असते.

जखम धुणे, रक्त थांबवणे, रुग्णाला पेज देणे ही शुश्रूषेची सर्व अंगे येथे हजर आहेत. फक्त ती कैद्यासाठी नाहीत. पाणी अक्षरासाठी आहे, कापूस पुढच्या ओळीसाठी आहे आणि पेज बारा तासांचे लेखन पुरे होईपर्यंत देह तग धरावा म्हणून आहे. क्रूरतेने शुश्रूषेची साधने उसनी घेतली आहेत. यंत्राचा अभिमानी अधिकारी ज्या तपशिलाने त्यांचे वर्णन करतो, त्यावरून त्याला ती दयेची खूण वाटत असावी, असे म्हणता येते.

कथेच्या अखेरीस अधिकारी स्वतः शय्येवर झोपतो आणि यंत्र बिघडते. शय्या देह वळवत नाही, नुसता सुयांकडे उचलून धरते. पाण्याच्या नळ्याही बंद पडतात आणि रक्त पाण्याविना वाहत राहते. याच क्षणी दंताळा लिहिणे सोडून नुसता भोसकू लागतो. कापूस व पाणी यांनी साथ सोडताच लेखनही संपते, ही बाब अर्थपूर्ण आहे. जे यंत्र देहाला कागद मानत होते, त्याचे लेखन प्रत्यक्षात जखमेच्या निगेवरच उभे होते, याची कबुली कथा येथे देते.

५. 'शिसेई' : रंगासाठी घेतलेले स्नान

तानिझाकी यांची कथा एदो काळात घडते. ती लिहिली गेली तेव्हा मात्र जपानमध्ये गोंदण्यावर बंदी होती. १८७२ मध्ये घातलेली ही बंदी १९४८ मध्ये उठली. कथेचा नायक सेइकिची हा पूर्वी चित्रकार असलेला गोंदणकार आहे. वेदनेने कण्हणाऱ्या गिऱ्हाइकाकडे पाहण्यात त्याला गुप्त आनंद मिळतो. दिवसाला सरासरी पाच-सहाशे टोचे सोसलेले गिऱ्हाईक रंग खुलावा म्हणून गरम पाण्याने स्नान करून येते आणि अर्धमेले होऊन त्याच्या पायाशी कोसळते. तो मात्र थंडपणे पाहत असतो. कथेच्या आरंभीच येणारा हा तपशील पुढच्या घटनेची पूर्वतयारी आहे.

मनासारखी त्वचा असलेली एक तरुणी अखेर त्याच्याकडे येते. ती घरी जाऊ इच्छिते. तो तिला गुंगीचे औषध देतो आणि रात्रभर जागून तिच्या पाठीवर कोळीण गोंदतो. जाग आल्यावर ती वेगळीच स्त्री झालेली असते आणि सेइकिची तिचा पहिला बळी ठरतो. स्त्रीच्या सुप्त सामर्थ्याची जागृती म्हणून ही कथा वाचण्याची परंपरा आहे. या वाचनात गुंगीच्या औषधाचे काय करायचे, हा प्रश्न अनुत्तरित राहतो. संमतीविना टोचलेल्या देहाला सामर्थ्य लाभले म्हणून टोचण्याचा अपराध नाहीसा होत नाही.

निगेच्या अंगाने पाहिल्यास कथेचे केंद्र सुईवरून स्नानाकडे सरकते. सकाळी सेइकिची तिला रंग खुलवण्यासाठी स्नान करायला सांगतो. गरम पाणी ताज्या जखमांत भिनते आणि ती न्हाणीघराच्या फळ्यांवर तळमळत पडते. तो तिला सावरण्यासाठी हात पुढे करतो. ती तो ढकलते आणि आपल्याला एकटे सोडून वर जाऊन थांबायला सांगते. अशा अवस्थेत पुरुषाने आपल्याला पाहावे, हे तिला सहन होत नाही.

कथेतील सत्तांतर याच क्षणी घडते, असे प्रस्तुत लेखाचे मत आहे. आतापर्यंत दुसऱ्याची तळमळ पाहणे हा सेइकिचीचा हक्क होता. पायाशी पडलेल्या पुरुष गिऱ्हाइकांनी तो कधी नाकारला नाही. ही तरुणी तो नाकारते, आणि त्याबरोबर त्याचा सांत्वनाचा हातही नाकारते. कारण जखम करणारा आणि जखमेवर हात ठेवणारा एकच आहे, हे तिने ओळखले आहे. ती आपली वेदना एकटीने सोसते आणि सावरून बाहेर येते. त्यानंतर पाठ पुन्हा एकदा दाखवण्याची विनंती त्याला करावी लागते. पाठ तीच, पण आता ती दाखवायची की नाही हे ठरवणारी ती आहे. कोळिणीने तिला बदलले, असे कथेचा वरवरचा सूर सांगतो. घटनाक्रम मात्र सांगतो, की न्हाणीघरातील त्या एकांताने तिला बदलले.

६. 'पार्कर्स बॅक' : न मिळालेला हात

ओ'कॉनर यांनी ही कथा असाध्य आजाराने रुग्णालयात असतानाही सोडली नव्हती. १९६४ मध्ये त्यांचे निधन झाले. कथेतील पार्कर चौदाव्या वर्षी जत्रेत गोंदलेला माणूस पाहतो आणि तेव्हापासून अंग गोंदवत राहतो. प्रत्येक नव्या गोंदणाचे समाधान त्याला सुमारे महिनाभर पुरते. गोंदणाची वरची जखम भरून यायला लागणारा अवधीही जवळपास तेवढाच. हा योगायोग असेल. पण जखम ओली आहे तोवरच पार्करला आपण जिवंत असल्यासारखे वाटते, असा अर्थ त्यातून निघतो. पाठ मात्र त्याने कोरी ठेवली आहे, कारण स्वतःला न दिसणाऱ्या जागी गोंदण्यात त्याला रस नाही.

त्याची पत्नी सारा रूथ कर्मठ धर्मनिष्ठ आहे आणि तिला ही चित्रे मुळीच आवडत नाहीत. ट्रॅक्टरच्या अपघातातून बचावलेला पार्कर अनवाणी शहर गाठतो आणि पाठीवर बायझंटाइन शैलीतील ख्रिस्ताचा चेहरा गोंदवून घेतो. हे काम दोन दिवस चालते. देवाचे चित्र तरी पत्नी नाकारणार नाही, अशी त्याची आशा असते. आयुष्यात प्रथमच त्याने स्वतःसाठी नव्हे तर दुसऱ्याने पाहावे म्हणून गोंदवले आहे. देव निराकार आहे, असे मानणारी सारा रूथ ते मूर्तिपूजेचे पाप ठरवते आणि केरसुणीने त्याची पाठ झोडपते. ख्रिस्ताच्या चेहऱ्यावर वळ उठतात. पार्कर अंगणातील झाडाला टेकून लहान मुलासारखा रडतो.

या शेवटाचे धार्मिक अर्थ पुष्कळ लावले गेले आहेत. ख्रिस्ताचा पुन्हा झालेला छळ हा त्यांतील प्रमुख. तो अर्थ मान्य करूनही एक साधी गोष्ट नोंदवायला हवी. ही पाठ नुकतीच गोंदलेली आहे. फटके बसतात ते चित्रावर, तसेच ओल्या जखमेवर. ज्या पाठीला त्या रात्री दुसऱ्याच्या हलक्या हाताची गरज होती, तिच्यावर केरसुणी पडली.

कथेच्या रचनेत याला एक पूर्वसंदर्भ आहे. पार्कर आणि सारा रूथ यांची पहिली भेट होते तेव्हा तो हाताला इजा झाल्याचे खोटे नाटक करून शिव्या देत असतो. तेव्हाही ती प्रथम त्याला केरसुणीचा फटका मारते. पण नंतर जवळ येऊन त्याचा हात हातात घेते, उलटसुलट करून पाहते. जखम नसतेच, तरीही त्या स्पर्शाने पार्कर हलून जातो. पहिल्या भेटीत खोट्या जखमेला खरा स्पर्श मिळाला होता. अखेरीस जखम खरी आहे, केरसुणीही तीच आहे, फक्त फटक्यानंतरचा तो हात येत नाही. कथेची शोकात्मता या न आलेल्या हातात आहे. सारा रूथ चित्राचा धर्मशास्त्रीय निवाडा करते आणि त्या भरात चित्राखालची पाठ विसरते. देहाला केवळ संहिता म्हणून वाचणाऱ्या समीक्षेलाही हाच धोका संभवतो.

७. मराठी गोंदणाच्या प्रकाशात

मराठी भाषा या तिन्ही कथांवर अनपेक्षित प्रकाश टाकते. 'पाठ' या शब्दाने आपण देहाचा मागचा भाग, शिकण्याचा धडा आणि ग्रंथाची संहिता अशा तिन्ही गोष्टी दर्शवतो. काफ्काचा कैदी आपला पाठ पाठीवरच शिकतो. दुसरीकडे 'पाठीवर हात फिरवणे', 'पाठीशी उभे राहणे', 'पाठराखण करणे' हे वाक्प्रचार सांगतात, की पाठ ही दुसऱ्याने सांभाळण्याची जागा आहे. सासरी निघालेल्या नववधूबरोबर पाठराखीण जाते, तीही याच जाणिवेतून.

पारंपरिक मराठी गोंदण मात्र मुख्यतः कपाळ, हनुवटी, हात अशा उघड्या भागांवर असे. गोंदणारीही स्त्री आणि भोवती जमलेल्याही स्त्रियाच. टोचून झाल्यावर हळद लावण्याची रीत होती. वेदना आणि निगा एकाच वर्तुळात राहत. या प्रथेचे अकारण उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. लहान मुलीला धरून बसवले जाई आणि तिला विचारले जाईच असे नाही; संमतीचा प्रश्न येथेही आहेच. सटवाईने कपाळी लिहिलेले जसे स्वतःला वाचता येत नाही, तसे कपाळावरचे गोंदणही मुलीला आपल्या डोळ्यांनी थेट दिसत नाही. तरीही एक फरक उरतो. तिच्या कपाळावर हळद लावणारा हात तिच्यासाठी होता; रेषा ठळक व्हावी एवढ्यासाठीच नव्हता. अभ्यासलेल्या तीन कथांत नेमका तोच हात कोठे सापडत नाही.

८. निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात.

१) गोंदणाचे साहित्यातील स्थान केवळ चिन्हाच्या अर्थावरून ठरवणे अपुरे आहे. सुईनंतरची निगा हाही कथेच्या अर्थनिर्मितीचा घटक असतो.

२) तिन्ही कथांत गोंदण पाठीवर असणे आकस्मिक नाही. स्वतःला न दिसणारी व स्वतःला न सांभाळता येणारी जागा निवडल्यामुळे दुसऱ्या माणसाची भूमिका अटळ होते आणि सत्तासंबंध उघडे पडतात.

३) काफ्काच्या कथेत निगा आहे, पण ती अक्षराची आहे. तानिझाकींच्या कथेत ती रंगाची आहे, आणि तरुणी तिच्यामागचा हात नाकारून स्वतंत्र होते. ओ'कॉनर यांच्या कथेत निगेची अपेक्षा आहे, पण ती पुरी होत नाही.

४) देह-संहिता ही संकल्पना टाकून देण्याचे कारण नाही. मात्र संहिता ज्या त्वचेवर आहे ती जिवंत आहे, तिला दुखते आणि तीच चिन्हाला जपते, याचे भान त्या संकल्पनेत आणावे लागेल.

गोंदवून घेतलेली विद्यार्थिनी वर्गात येते तेव्हा तिने काय लिहून घेतले, हे वाचण्याची घाई सर्वांना असते. कोणी त्यात बंडखोरी वाचते, कोणी फॅशन, कोणी संस्कारांचा ऱ्हास. या तीन कथांचे वाचन एवढे सुचवते, की निवाड्याआधी विचारण्याजोगा एक साधा प्रश्न असतो : जखम भरली का? सारा रूथने तो विचारला असता, तर पार्करच्या पाठीवर केरसुणी कदाचित पडली नसती.